वेडेवांकडे दांत आणि तारेचा उपाय

वर्गांत एखादी मुलगी प्रश्नाचें उत्तर देण्यास उभी राहते. उत्तर तिला येत असतें; परंतु बोलूं लागण्यापूर्वीं तिचा उजवा हात तोंडापुढें येतो. ओढणीचें टोंक ओंठांवर धरून ती चार शब्द बोलते आणि झटकन् खालीं बसते. गुरुजींना वाटतें, मुलगी भित्री आहे. घरच्यांना वाटतें, लाजाळू आहे, बरेंच आहे. फोटोच्या वेळीं ती ओंठ घट्ट मिटून उभी राहते आणि मैत्रिणी हांसत असतांना एकटीच मान खालीं घालते. नीट चौकशी केली तर कारण एवढेंच निघतें कीं, तिचे वरचे दांत पुढें आलेले आहेत आणि कधीं कोणीं तरी तिला त्यावरून नांव ठेवलेलें आहे.

असें एक घर कल्पावें. गांव वाशीम जिल्ह्यांतील कारंजा लाड. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून आणि जुन्या जैन मंदिरांमुळें येथें दूरदूरचे यात्रेकरू येतात. पूर्वीं गांवास तट होता व त्यास दारव्हा, दिल्ली, पोहा आणि मंगरूळ या नांवांच्या चार वेशी होत्या. तीं नांवें अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. घरांत कापसाच्या बाजारांत हिशेब लिहिणारा बाप, आई, आजी, बारा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. मुलीचे वरचे दांत पुढें व एक सुळा शेजारच्या दांतावर चढलेला. आजी म्हणते, दांतावर दांत हें भाग्याचें लक्षण, त्याला हात लावूं नये. आई म्हणते, भाग्य असेल, पण उद्यां लग्नाच्या वेळीं पाहुणे काय म्हणतील? बाप विचारतो, खर्च किती? मुलीला मात्र कोणी कांहीं विचारीत नाहीं.

पुढें आलेले, एकमेकांवर चढलेले किंवा मागें दबलेले दांत हें केवळ रूपाचें व्यंग नव्हे. वरचे दांत फार पुढें असले कीं ओंठ मिटत नाहींत. ओंठांचा आडोसा नसल्यामुळें सायकलवरून पडतांना किंवा खो-खोच्या मैदानावर आपटतांना प्रथम तेच मोडतात. दांतावर दांत चढलेला असला तर मधल्या फटींत ब्रश शिरत नाहीं, अन्न सांचतें, कीड लागते व हिरड्यांतून रक्त येऊं लागतें. कांहींचे वरचे दांत खालच्यांना इतके झांकतात कीं खालच्या दांतांचीं टोंकें टाळूला टोंचतात. कांहींचे पुढचे दांत एकमेकांस मुळीं मिळतच नाहींत; अशा मुलास पोळीचा घास पुढच्या दांतांनीं तोडतां येत नाहीं, तो बाजूच्या दाढांखालीं नेऊन तोडावा लागतो. दुभंगलेला ओंठ अथवा टाळू घेऊन जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत तर शस्त्रक्रियेच्या जोडीनें हा उपचार अनेक वर्षें चालतो.

हें सर्व खरें असलें तरी रूपाची गोष्ट क्षुल्लक मानण्याचें कारण नाहीं. चौदा वर्षांच्या मुलानें हांसणें सोडावें ही लहान हानि नव्हे. आणि येथें एक तक्रार नोंदविणें भाग आहे. आपल्याकडे मुलीचे दांत लग्नासाठीं सरळ करतात, नि मुलाचे दांत, ‘त्याला काय करायचें आहे?’ म्हणून तसेच ठेवतात. तोंड दोघांनाही आयुष्यभर वापरायचें असतें.

दांतांच्या वेडेवांकडेपणाची जाण आपल्याकडे नवी नाहीं. माधवनिदानांत दंतरोगांमध्यें ‘कराल’ नांवाचा विकार सांगितला आहे. वायु दांतांच्या आश्रयास राहून हळूहळू त्यांस विकट करतो असें त्याचें वर्णन असून, तो बरा होत नाहीं असा निर्णयही दिला आहे. जुन्या वैद्यांस दोष देऊं नये. ‘हळूहळू’ हा त्यांचा शब्द अगदीं अचूक आहे. दांत हळूहळू वांकडे होतात, आणि तितक्याच हळूहळू ते सरळ करतां येतात, एवढेंच त्या काळीं ठाऊक नव्हतें. फ्रान्समधील प्येर फोशार या दंतवैद्यानें १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत धातूची एक पट्टी वर्णिली आहे. तिला दोरे बांधून वांकडे दांत तिच्याकडे ओढीत. परंतु या विद्येस शास्त्राचें रूप दिलें तें अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यानें. १८९९ सालीं त्यानें वरची पहिली कायमची दाढ खालच्या दाढेशीं कशी बसते यावरून दांतांच्या विषमतेचे तीन वर्ग केले. जगांतील दंतवैद्य आजही निदान लिहितांना त्याच वर्गांचीं नांवें लिहितात. आपल्या देशांत या शाखेच्या तज्ज्ञांची संस्था, इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी, १९६५ सालीं स्थापन झाली. सरकारी मराठींत या शाखेला ‘दंतव्यंगोपचार’ असा भारदस्त शब्द आहे. लोक मात्र ‘तारा लावणें’ किंवा ‘क्लिप बसविणें’ असेंच म्हणतात, आणि पुढें येथेंही तोच शब्द वापरला आहे.

आतां मुख्य प्रश्न. दांत हाडांत रुतलेला असतो. मग तो हलतो कसा? तारेनें ओढून हलतो, असें बहुतेकांचें उत्तर येईल, आणि तें अर्धेंच बरोबर आहे. काळ्या मातींत ठोकलेला बैलाचा खुंटा जोरानें ओढला तर माती फाटते व खुंटा कलतो. दांताचें तसें होत नाहीं, कारण माती निर्जीव आहे नि हाड सजीव आहे. दांताचें मूळ आणि जबड्याचें हाड यांच्यामध्यें सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा एक मऊ पडदा असतो. त्यांत बारीक तंतू, रक्तवाहिन्या आणि पेशी असतात. खडा चावला कीं जी कळ येते ती याच पडद्यांतून. तारेनें दांतावर सौम्य दाब आला कीं एका बाजूस हा पडदा दबतो व दुसऱ्या बाजूस ताणला जातो. दबलेल्या बाजूस कांहीं दिवसांत हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि समोरचें हाड कणाकणानें विरघळवितात. ताणलेल्या बाजूस हाड घडविणाऱ्या पेशी मागें राहिलेली जागा भरून काढतात. म्हणजे दांत हाडांतून घुसत जात नाहीं. शरीर स्वतःच पुढचें हाड काढतें, मागें नवें घालतें आणि दांताला वाट करून देतें. तार फक्त दिशा सांगते.

कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकानें विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं कुत्र्यांच्या दांतांना तारा लावून, नंतर त्यांचीं हाडें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून ही क्रिया दाखविली. जोर अधिक लावला तर काय होतें हेंही त्या प्रयोगांत दिसलें. पडद्यांतील रक्त थांबतें, पेशी मरतात, आणि मेलेला भाग शरीर साफ करीपर्यंत दांत जागचा हलतच नाहीं. १९३२ सालीं श्वार्त्स या संशोधकानें योग्य दाबाचें माप दिलें तें दर चौरस सेंटिमीटरास २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतील रक्ताच्या दाबाएवढें. पुढें या आंकड्यावर वाद झाले. परंतु दाब सौम्य हवा हें तत्त्व कायम राहिलें. म्हणून ‘डॉक्टरसाहेब, जरा घट्ट आवळा, लवकर होऊन जाऊं द्या’ अशी जी विनंति अनेक आईबाप करतात ती मान्य करणारा डॉक्टर मिळूं नये अशीच इच्छा करावी. दांत महिन्यास सुमारें १ मिलिमीटर सरकतो. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळास जाणारी शकुंतला नांवाची अरुंद रुळांची गाडी पूर्वीं धांवत असे, ‘धांवत’ हा शब्द केवळ रीत म्हणून. आतां ती बंद आहे. दांताची गति तिच्याच जातीची, आणि मधल्या स्टेशनावर उतरून चालत गेल्यानें मुक्काम लवकर येत नाहीं हेंही दोन्हीकडे सारखेंच.

जुन्या काळीं प्रत्येक दांताभोंवतीं धातूचें कडें ठोकून बसवावें लागे. तोंड उघडलें कीं सोनाराच्या पेटीचें झांकण उघडल्यासारखें दिसे. हा त्रास गेला तो मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याच्या १९५५ सालच्या शोधामुळें. लोखंडी पत्र्यास रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक ॲसिड लावतात, तें दांताच्या कवचास क्षणभर लावून पाहिलें तर? कवचाचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत होतो आणि त्यावर चिकटविलेला पदार्थ पक्का बसतो. आज दांताच्या दर्शनी बाजूस जी लहान चौकट, ज्यास ब्रॅकेट म्हणतात, ती चिकटविली जाते ती याच युक्तीनें. तारेंतही असाच पालट झाला. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या आरमारी प्रयोगशाळेंत निकेल व टायटॅनियम यांचा एक मिश्रधातु सांपडला. तो वांकविला तरी आपला मूळ आकार विसरत नाहीं. १९७० नंतर त्याच्या तारा दांतांसाठीं वापरण्यांत येऊं लागल्या. वेड्यावांकड्या दांतांवरून ही तार नेली कीं ती स्वतः सरळ होण्याची धडपड करते आणि दांतांना बरोबर घेऊन येते. पूर्वीं दर खेपेस हातानें तार वांकवून जें साधावें लागे तें ती पहिल्या कांहीं महिन्यांत आपणहून करते.

दांत वांकडे होतातच कां? पुष्कळदां कारण वंशाचें असतें. बापाचा जबडा लहान, आईचे दांत मोठे, आणि मुलाच्या वांट्यास दोन्ही. परंतु कांहीं कारणें घरांतलीं आहेत. चार-पांच वर्षांपुढेंही चालू राहिलेलें अंगठा चोखणें, नाक चोंदल्यामुळें किंवा घशांतील गांठी वाढल्यामुळें तोंडानें श्वास घेणें, गिळतांना जीभ दांतांवर ढकलणें, यांनीं पुढचे दांत सरकतात. अंगठ्यास कडुनिंबाचा रस लावून वा मुलास चारचौघांत लाजवून ही संवय जात नाहीं, उलट कधीं कधीं अधिक घट्ट होते. सर्वांत मोठी चूक दुधाच्या दांतांविषयींची. ‘पडणारेच दांत आहेत, किडले तर किडूं द्या’ असें म्हणून ते वेळेआधीं गमावतात. दुधाचा दांत खालून येणाऱ्या कायमच्या दांताची जागा राखीत असतो. तो लवकर गेला कीं मागची दाढ पुढें सरते, जागा व्यापते, आणि नंतर येणारा दांत भलतीकडून डोकें काढतो. त्यांतही एक फसवणूक अशी कीं, सहाव्या वर्षीं येणारी पहिली कायमची दाढ कोणताही दांत न पडतां सर्वांच्या मागें येते. म्हणून पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात व ती किडली तरी स्वस्थ बसतात. अँगलनें जिच्यावरून वर्ग ठरविले ती हीच दाढ.

वयाचा प्रश्न यानंतर येतो. मुलाचें तोंड सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां तज्ज्ञास दाखवावें, असा अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या संघाचा सल्ला आहे. त्या वयीं तारा लावतात असा त्याचा अर्थ नव्हे. बहुतेकांना ‘आतां कांहीं नको, दोन वर्षांनीं या’ एवढेंच ऐकावयास मिळतें. वरचे सुळे साधारण ११-१२ व्या वर्षीं येतात, व पुष्कळांचा उपचार ११ ते १४ या वयांत सुरू होतो. परंतु दोष दांतांचा नसून जबड्याचा असेल, खालचा जबडा मागें राहिलेला असेल, तर हें वय अमोल आहे. उंची झपाट्यानें वाढते त्याच काळांत जबडाही वाढतो, आणि त्या वाढीस त्या वेळीं वळण देतां येतें. मुलींची ही वाढ मुलांच्या सुमारें २ वर्षें आधीं येते. कारंज्याच्या त्या घरीं बाप म्हणतो, दहावी होऊं द्या, मग पाहूं. दहावी होईल तेव्हां मुलगी सोळा वर्षांची असेल. दांत तेव्हांही सरळ करतां येतील, चाळिशींतही येतात; पण जबड्याची वाढ संपलेली असेल, आणि मग जें साध्या उपकरणानें झालें असतें त्यासाठीं कदाचित् शस्त्रक्रिया सुचवावी लागेल. अभ्यासासाठीं थांबण्यांत अशी किंमत असते हें बापाला कोणीं सांगितलेलें नसतें.

उपचार कोणाकडून घ्यावा? दंतवैद्याची पदवी घेतल्यावर या एका शाखेचा ३ वर्षें स्वतंत्र अभ्यास करून जो पदव्युत्तर पदवी घेतो तो ऑर्थोडॉन्टिस्ट. लहान गांवांतील दंतवैद्य ठराविक वारीं अशा तज्ज्ञास शहरांतून बोलावून घेतात. तसें नसेल तर कारंजेकरांस अमरावती किंवा अकोला गांठावें लागतें. अमरावतीस विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचें दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीस शरद पवार दंत महाविद्यालय आहे, आणि नागपुरास १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. समृद्धि महामार्ग कारंज्याजवळून गेल्यामुळें नागपूरचा प्रवास पूर्वींपेक्षां पुष्कळ सोपा झाला आहे. खाजगी दवाखान्यांत साध्या धातूच्या तारांचा खर्च २५-३० हजार रुपयांपासून पुढें बराच वर जातो. महाविद्यालयांत तो पुष्कळ कमी, मात्र तेथें रांगेंत थांबावें लागतें आणि उपचार शिकणाऱ्या डॉक्टरांच्या हातून, गुरूंच्या देखरेखीखालीं होतो. त्यांत वाईट कांहीं नाहीं. शिकणारा मनुष्य घाई करीत नाहीं. मात्र खर्च मोजतांना केवळ डॉक्टरांचे पैसे मोजूं नयेत. १८ ते २४ महिने, दर चार ते सहा आठवड्यांनीं एक खेप, प्रत्येक खेपेस दोघांचें एस्. टी. चें भाडें, बापाची बुडालेली रोजी आणि मुलीची बुडालेली शाळा, हेंही त्याच वहींत लिहिलें पाहिजे. पैसे हप्त्यानें घेण्यास बहुतेक डॉक्टर तयार असतात. आरंभींच स्पष्ट विचारून घ्यावें.

हा हिशेब आधीं न केल्यामुळेंच सर्वांत दुःखद प्रकार घडतो, तो म्हणजे उपचार मध्येंच सोडणें. कापूस-तुरीचा हंगाम बुडाला, बापाचें काम सुटलें, आजी आजारी पडली, आणि दोन खेपा चुकल्या, मग चार, मग डॉक्टरांकडे जाण्याचीच लाज वाटूं लागली. तारा तोंडांत तशाच राहतात. तार कोणाच्या देखरेखीशिवाय ओढीतच असते. खालीं कीड लागते, आणि कधीं मूळचा दोष परवडला अशी अवस्था होते. अशा वेळीं लाज बाजूस ठेवून डॉक्टरांस अडचण सांगावी. पुढें चालविणें शक्य नसेल तर निदान तारा काढवून घ्याव्या.

पहिल्या खेपेस डॉक्टर तारा लावीत नाहीं. दांतांचे ठसे, फोटो आणि क्ष-किरणांचीं दोन चित्रें घेतो, एक सर्व दांतांचें, दुसरें बाजूनें घेतलेलें डोक्याचें. नंतर योजना सांगतो, आणि पुष्कळदां तिच्यांत चार दांत काढण्याचें वाक्य असतें. तेथें घर हादरतें. चांगले, न किडलेले दांत काढायचे? ही शंका अडाणीपणाची नाहीं; खुद्द अँगल आयुष्यभर याच मताचा होता कीं, निसर्गानें दिलेला प्रत्येक दांत राखलाच पाहिजे. त्याचा शिष्य चार्ल्स ट्वीड गुरूच्या पद्धतीनें उपचार करी. परंतु आपल्या अनेक रोग्यांचे दांत पुन्हां पुढें आलेले पाहून तो अस्वस्थ झाला. त्यानें त्याच रोग्यांवर, या खेपेस दांत काढून, फिरून उपचार केले आणि १९४० च्या सुमारास दोन्ही निकाल आपल्या व्यवसायबंधूंपुढें ठेवले. बत्तीस माणसांच्या पंगतीस अठ्ठावीस पाट मावत असतील तर कोणी तरी उठावेंच लागतें. काढतात ते बहुधा सुळ्यामागचे लहान दांत, आणि त्यांची जागा उपचार संपेपर्यंत भरून निघते. प्रत्येकाचे दांत काढावेच लागतात असें मात्र नाहीं. कारण विचारण्याचा व दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्याचा अधिकार घरच्यांना आहे.

तारा बसविण्याच्या दिवशीं दुखत नाहीं. दुखूं लागतें तें संध्याकाळपासून, आणि तीन-चार दिवस पोळी चावणेंही कठीण होतें. वरण-भात, खिचडी, दह्यांत कालवलेला भात, दुधांत भिजविलेली पोळी यांवर ते दिवस काढावे. फारच दुखलें तर डॉक्टरानें सांगितलेली साधी वेदनाशामक गोळी द्यावी. गालाच्या आंतून ब्रॅकेट घांसून फोड येतात. त्यासाठीं एक मऊ मेण मिळतें, त्याची गोळी करून टोंचणाऱ्या जागीं दाबावी. दोन आठवड्यांत गाल सरावतो. आरंभीं स, श, च या वर्णांचा उच्चार जरा घसरतो. घरांत कोणीं नक्कल करूं नये. कारंज्याची आजी नातीच्या तोंडांत पाहून म्हणते, ‘काय वं पोरी, तोंडांत लोखंड कायले भरलं?’ मुलगी प्रथम रडते, मग हांसते, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच हात तोंडावर न नेतां हांसते. तारांची एक गंमत अशी कीं, त्या लावल्या कीं दांतांकडे सर्वांचें लक्ष जाणारच हें ठरूनच जातें. मग लपविण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

खरी परीक्षा खाण्याची. वऱ्हाडांतील वर्षाचें पंचांग या दृष्टीनें पाहिलें तर तारांशीं वैर धरणारे दिवस पुष्कळ निघतात. संक्रांतीची तिळाची वडी, थंडींतला हुरडा, भाजलेल्या शेंगा, फुटाणे, ऊंस, दिवाळीचीं कडबोळीं, उन्हाळ्यांतलें बर्फ. कडक पदार्थ चावला कीं ब्रॅकेट निखळते, चिकट पदार्थ तिला ओढून काढतो, आणि निखळलेली प्रत्येक ब्रॅकेट म्हणजे जादा खेप व लांबलेले आठवडे. सर्वच वर्ज्य करण्याचें कारण नाहीं. पेरू दांतांनीं न तोडतां चिरून, भाकरी भाजींत कुसकरून, हुरडा मऊ असतांना थोडा थोडा, असें निभावतें. ऊंस आणि चिक्की मात्र दोन वर्षें विसराव्या. घरांतील इतरांनीं त्या मुलासमोर बसून कराकरा ऊंस सोलूं नये, एवढी माणुसकी दाखवावी. पेन्सिल किंवा नखें चावण्याची संवय असेल तर ती तारांमुळें सुटते; न सुटली तर तारा सुटतात.

दांत घांसणें हा भाग कंटाळवाणा खरा, परंतु सारें यश यावर आहे. ब्रॅकेटभोंवतीं अन्नाचा थर राहिला कीं महिन्याभरांत कवचावर खडूसारखे पांढरे डाग पडूं लागतात. तारा काढल्यावर दांत सरळ दिसतात, पण प्रत्येकावर ब्रॅकेटची पांढरी चौकट उमटलेली, असा प्रकार पाहण्यांत येतो. तो डाग पुरता जात नाहीं. म्हणून प्रत्येक जेवणानंतर चूळ, दिवसांतून निदान दोनदां फ्लोराइडयुक्त पेस्टनें सावकाश घांसणें, तारेच्या वरून आणि खालून वेगवेगळें, आणि दोन दांतांमधील जागेसाठीं बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा बारीक ब्रश. राखुंडी व तंबाखूची मिसरी यांचें या तोंडांत कांहीं काम नाहीं. खर्ऱ्याविषयीं तर बोलावयासच नको, तारा असोत वा नसोत.

याच ठिकाणीं एक इशारा द्यावा लागतो. दांतांमधील फट मिटविण्यासाठीं साधें रबर दोन दांतांभोंवतीं अडकविण्याची युक्ति मुलें मोबाइलवर पाहतात आणि करून पाहतात. पैसा लागत नाहीं, फट मिटल्यासारखी दिसते. परंतु दांत मुळाकडे निमुळता असतो. रबर हळूहळू वर सरकत हिरडींत शिरतें, दिसेनासें होतें, आणि आंत राहून मुळाभोंवतींचा तोच मऊ पडदा व हाड कापीत जातें. शेवटीं दांत हलूं लागतो आणि समोरचे दोन निरोगी दांत कायमचे जातात. मुलाच्या समोरच्या दांतांची हिरडी अकारण सुजलेली दिसली तर रबराविषयीं रागावून नव्हे, गोडीनें विचारावें, म्हणजे खरें उत्तर मिळेल. डॉक्टरही रबरें देतो, पण तीं ब्रॅकेटच्या हुकांस वरून खालीं अडकवावयाचीं असतात व रोज बदलावयाचीं असतात. तीं दप्तरांत ठेवून तोंडांत न घालणारा मुलगा आपलेंच वर्ष लांबवितो.

अलीकडे पारदर्शक साच्यांचाही उपाय निघाला आहे. १९९७ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या एका कंपनीनें त्याचा प्रसार केला. दर एक-दोन आठवड्यांनीं बदलावयाचे हे साचे दिवसांतून २०-२२ तास घालावे लागतात. जेवतांना काढतां येतात, त्यामुळें खाण्याचें पथ्य नाहीं. खर्च पुष्कळ अधिक आणि शिस्त सारी रोग्याच्या हातीं. नोकरी करणाऱ्या प्रौढांस ते सोयीचे पडतात. टपालानें ठसे पाठवून टपालानेंच साचे मागविण्याचा व्यवहार मात्र टाळावा, कारण हिरडी व हाड कोणीं तपासलेलेंच नसतें.

तारा निघण्याचा दिवस घरांत सणासारखा असतो. जीभ दिवसभर गुळगुळीत दांतांवरून फिरते. कारंज्याच्या मुलीचा त्या दिवशीं बाजारांत उभें राहून फोटो काढला जातो, आणि बाप तो आडत्याला दाखवितो. घरच्यांना वाटतें, संपलें. डॉक्टर मात्र त्याच वेळीं एक प्लेट हातांत देतो, ज्यास रिटेनर म्हणतात, किंवा खालच्या दांतांच्या आंतील बाजूस एक बारीक तार चिकटवितो. दांत नव्या जागीं आले तरी भोंवतींचें हाड अजून कोंवळें असतें, आणि हिरडींतील ताणलेले तंतू तर वर्षभर दांताला जुन्या जागेकडे ओढीत असतात. प्लेट घातली नाहीं तर सहा महिन्यांत सुळा पुन्हां शेजाऱ्याच्या अंगावर चढूं लागतो, आणि हिशेबाच्या वहींतील सर्व पानें फुकट जातात. पहिले कांहीं महिने डॉक्टर सांगेल तितका वेळ, पुढें रोज रात्रीं, आणि नंतरही दांत आहेत तितकीं वर्षें अधूनमधून, असा तिचा नेम.

प्लेट हरवते ती बहुधा जेवणाच्या वेळीं. मुलें ती काढून कागदांत गुंडाळून डब्याशेजारीं ठेवतात आणि उष्ट्याबरोबर ती कचऱ्यांत जाते. नवीसाठीं पुन्हां ठसे, पुन्हां अमरावती. ती गरम पाण्यानें धुवूं नये, वांकते. थंड पाणी व मऊ ब्रश पुरे. डॉक्टर तिच्याबरोबर रंगीत डबी देतो ती दप्तराच्या एका ठरलेल्या कप्प्यांत ठेवावी, आणि त्या डबीवर मुलीचें नांव व घरचा फोन नंबर लिहून ठेवावा.